आत्याबाईंचा हुंकार

ज्या कार्यालयात तिने बारा वर्षे नोकरी केली, तिथे तिला सगळे कासव म्हणत. त्यात कुचेष्टा थोडी आणि कबुली जास्त होती. इतरांनी लिहिलेला कोड शुक्रवारी बाहेर पडे आणि सोमवारी दुरुस्तीला परत येई. तिचा उशिरा बाहेर पडे, पण सहसा परत येत नसे. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणारी माणसे असतात, त्यांतली ती एक. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाक्य पुरे होण्याआधी उठायचा आणि उठण्याआधी मनाने निघालेला असायचा, म्हणून तो ससा ठरला. पुढे या दोघांनी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायचे ठरवले, तेव्हा निरोपाच्या चहाला कोणीतरी म्हणाले, "ससा-कासव एकाच बाजूनं धावणार असतील तर हरायचं कोणी?" सगळे हसले. तीही हसली. प्रश्न मात्र तिने बरोबर घरी नेला.

कंपनीचे काम एका वाक्यात सांगता येण्यासारखे होते आणि ससा ते भेटेल त्याला सांगत असे: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या वेळी फोन जाईल. नोंदवून ठेवलेला आवाज आठवण करून देईल. गोळी घेतली असेल तर फोनवरचा एकचा आकडा दाबायचा. दाबला नाही, तर अर्ध्या तासाने पुन्हा फोन; तरीही नाहीच, तर दूर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला निरोप. साधा, जुना, तारेला बांधलेला फोनही त्याला पुरे. ही कल्पना तिचीच होती. वडिलांच्या शेवटच्या वर्षात गोळ्यांच्या डबीचे कप्पे तिने अनेकदा भरलेले पाहिले होते, रिकामे व्हायला हवे होते त्या दिवशी.

कासवाच्या घरातली मागची खोली कंपनीला मिळाली. तिथे एक लांब टेबल, संगणकाचे दोन पडदे, आणि लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. त्या भिंतीतून एक नळी बाहेर आली होती. दुपारी इस्त्रीची यंत्रे सुरू झाली की नळीतून पांढरी वाफ निघे, उन्हात सावकाश पसरे आणि तिची सावली खोलीच्या भिंतीवर एखाद्या झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखी वरखाली होत राही. कासव काम करताना या सावलीकडे पाहत बसे. दोन वर्षांत तिने लिहिलेल्या कोडचा अर्धाअधिक भाग या पाहण्यातून आला असावा, असे ससा म्हणायचा. तो टोमणा होता, पण खोटा नव्हता.

पुढच्या खोलीत आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण. तिने एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचे काम केले होते. ते काम यंत्रांनी घेतले, एक्स्चेंजच्या इमारतीत फर्निचरचे दुकान आले, पण आत्याच्या बसण्यात अजून ती खुर्ची होती: पाठ ताठ, मान किंचित डावीकडे, जणू एका कानावर काही अडकवलेले आहे. लांब पल्ल्याचा कॉल जोडताना ताटकळणाऱ्या माणसाला लाईन मेली असे वाटू नये, म्हणून मधूनमधून नुसते "हं" म्हणायचे, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले होते. गोष्ट सांगणाऱ्यालाही हुंकार लागतो, नाहीतर गोष्ट अडते; आत्याने तो हुंकार पगारी नोकरी म्हणून आयुष्यभर दिला होता.

कोड लिहिताना चाचणीसाठी एक आवाज हवा होता. खरा आवाज नंतर एका व्यावसायिक निवेदिकेचा घ्यायचे ठरले होते. तोवर काहीही चालले असते. कासवाने आत्याला मागच्या खोलीत बोलावले आणि मायक्रोफोन पुढे ठेवला.

"काय बोलू?"

"गोळीची आठवण कर. कोणाला तरी फोन लावलायस असं समज."

"कोणाला?"

"कोणालाही, आत्या. चाचणीपुरतं आहे. कोणी ऐकणार नाही."

"कोणी ऐकणार नसेल तर बोलायचं कशाला?" असे म्हणत आत्याने खुर्ची पुढे ओढली, मान डावीकडे कलवली आणि बोलली: "नमस्कार. गोळीची वेळ झाली. घेतलीत का?"

मग ती थांबली. सवयीने थांबली. पलीकडच्याला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ, चार सेकंद. मग म्हणाली, "हं." पुन्हा चार सेकंद. "बरं. मग एक दाबा, म्हणजे मला कळेल."

"छान," कासव म्हणाली आणि फाइल चाचणीच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. मधली शांतता कापायचे तिने मनावर घेतले नाही. फेकून द्यायच्या वस्तूला कोणी पॉलिश करत नाही.

निवेदिकेचा आवाज आला तो कोमट पाण्यासारखा होता: स्वच्छ, निर्दोष आणि चवीला काहीच नाही. तो तिने मुख्य फोल्डरमध्ये ठेवला. आवाज कोणत्या फोल्डरमधून उचलायचा, हे सांगणारी कोडमध्ये एकच ओळ होती. अशी शेवटची ओळ आरंभाच्या दिवशी, सर्वांत शेवटी, स्वतःच्या हाताने बदलायची ही कासवाची जुनी रीत. तिने ती बदलली, जपून ठेवली, स्वतःच्या फोनवर कॉल लावून तीनदा ऐकले. तिन्ही वेळा कोमट पाणी. ती निश्चिंत झाली. पण तीनदा ओढून पाहिलेले कुलूप दुसऱ्याच दाराचे होते: ओळ बदलली गेली होती तिच्या टेबलावरच्या यंत्रात, आणि तिचा फोन त्या यंत्राला जोडलेला होता. दूरच्या सर्व्हरवर, जिथून खरे फोन जाणार होते, तिथे ती जुनीच राहिली.

सकाळी दहाला पहिले फोन गेले. चारशे बारा माणसे. ज्याने एक दाबला त्याच्या नावापुढे पडद्यावर हिरवा ठिपका उजळे. ससा उभ्यानेच पाहत होता. ठिपके एकेक करून लागत गेले, तिन्हीसांजेला लांबच्या वस्तीतल्या खिडक्या उजळाव्यात तसे, आणि दुपारपर्यंत पडदा भरून गेला. निवेदिकेच्या आवाजात घेतलेल्या छोट्या चाचणीत दहांतले पाच दाबत. इथे दहांतले नऊ.

"कासवा, मला चिमटा काढ."

"काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

"तुझं लग्न लागत असतं तरी तू हेच म्हणाली असतीस."

चूक पाचव्या दिवशी सापडली. तीही तिने शोधली नाही; एका म्हाताऱ्या घड्याळदुरुस्ती करणाऱ्याच्या मुलीचा फोन आला.

"बाबा विचारतायत, तुमच्या त्या बाई रविवारी पण कामावर असतात का? त्यांना एक दिवस तरी सुट्टी द्या म्हणाले."

"कोणत्या बाई?"

"गोळीवाल्या."

कासवाने सर्व्हर उघडला आणि ती ओळ पाहिली. मग तिने नोंदी उघडल्या. माणूस आकडा दाबण्याऐवजी तोंडाने "हो" म्हणाला तरी पुढेमागे ओळखता यावे, यासाठी प्रत्येक फोनमधला काही सेकंदांचा आवाज साठवला जात होता. तशी सूचना नियमांच्या पानावर होती. ते पान सगळ्यांनी मान्य केले होते आणि कोणी वाचले नव्हते.

पहिली नोंद घड्याळदुरुस्तीवाल्यांची. आत्या विचारते, घेतलीत का? मागे दहा-बारा घड्याळांची टिकटिक, प्रत्येक आपल्या चालीने. "घेतली हो. कडू आहे मेली." हं, आत्या म्हणते. "तुम्ही जेवलात का?" बरं, आत्या म्हणते. मग एक दाबा, म्हणजे मला कळेल. आणि ते एक दाबतात, कारण कोणाला तरी कळणार असते.

त्या दुपारी तिने साठ खोल्या ऐकल्या. तिला त्या खोल्याच वाटल्या: आठ सेकंदांच्या, भिंती नसलेल्या, केवळ आवाजाने उभ्या राहणाऱ्या. कुठे नळ ठिबकत होता. कुठे पंख्याचे एक पाते दर फेरीला कुरकुरत होते. एक गृहस्थ उत्तर देण्याआधी रेडिओ बारीक करीत, रोज, आदराने. एक बाई काहीच बोलत नसे, फक्त गोळीवर पाणी पिऊन पेला ठेवल्याचा आवाज ऐकवी, जणू पुरावा. एकजण सांगत होते, "आज मुलगा येणार होता. बहुतेक उद्या येईल." हं. बरं. खिडकीबाहेर वाफ निघाली, भिंतीवर सावली वरखाली झाली, आणि कासवाला वाटले की आपण कुठल्यातरी मोठ्या घरात पाय न वाजवता दारादारांतून फिरतो आहोत आणि प्रत्येक दाराआड कोणीतरी आपलीच वाट पाहत बसलेले आहे.

तिने सशाला सांगितले. तो टेबलावर बसला.

"म्हणजे ही आत्याबाईंची जादू. नव्वद टक्के. अगं, लोकांना इथवर पोचायला वर्षं लागतात, आपल्याला एक चूक पुरली."

"त्यांना वाटतंय पलीकडे कोणी आहे."

"त्यांना वाटतंय आणि ते गोळी घेतायत. गोळी घेणं महत्त्वाचं की वाटणं?"

 उत्तर तिच्याकडे होते, पण ते काढून पाहायला ती तयार नव्हती.

त्या आठवड्यात कंपनीत पैसे घालू पाहणारे एक गुंतवणूकदार येऊन गेले. सौम्य, हळू बोलणारे गृहस्थ. खुर्चीवर बसण्याआधी परवानगी विचारणारे. त्यांनी आकडे पाहिले, आत्याचा आवाज दोनदा ऐकला आणि म्हणाले, "याला हात लावू नका. तीन आठवडे हे असंच राहिलं, तर मी तुमच्याबरोबर आहे. नाही राहिलं, तर मला दुसरीकडे पाहावं लागेल." कंपनीचे पुढचे आयुष्य त्या एका वाक्यात मावले.

"आणि लोकांनी विचारलं तर?" कासवाने विचारले.

"विचारलं तर खरं सांगा. न विचारणाऱ्याला झोपेतून उठवून सांगू नये."

ससा पुढच्या वर्षाचे चित्र रंगवू लागला: चारशेचे चाळीस हजार, तिथून चार लाख. दारात उभी राहून आत्या ऐकत होती. "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," ती म्हणाली. "माझ्यावर हिशेब बांधताय म्हणून आठवण करून देते, मी अजून आत्याच आहे."

गुंतवणूकदार मनापासून हसले. हा विनोद त्यांना इतका आवडला की जाताना त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला.

आपला आवाज वापरला जातो आहे, हे आत्याला ठाऊक झाले होते, आणि तिला ते सुखावले होते. "अजून लाईन धरतो म्हणायचा," एवढेच ती म्हणाली. पण त्या आवाजाला लोक उत्तरे देतात, हे कासवाने तिला सांगितले नाही. का नाही, असे तिने स्वतःला विचारलेही नाही. रोज दुपारी ती दार लोटून घेई आणि खोल्यांत शिरे. हे तपासणीचे काम आहे, असे तिने ठरवून टाकले होते. तपासणीत आवडनिवड नसते, तिची होती. घड्याळांची खोली ती चुकवत नसे. रेडिओवाल्यांकडे तर दिवसातून दोनदा जाई. या माणसांना ती ऐकत होती, हे खरे. पण एखाद्याने आपल्याला काही सांगितले की आपण त्याचे काही लागू लागतो, हा ऐकण्यातला जुना करार तिने केलेला नव्हता. फुकटात ऐकणे असेही असते, आणि ते फार गोड असते.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी तिने, सहज, आजवर न उघडलेली एक नोंद उघडली. शिवणकाम शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई. त्यांच्या खोलीत काहीच आवाज नव्हता, म्हणून ती तिकडे गेली नव्हती.

सोमवार. "घेतली. पण डावा पाय सुजलाय कालपासून. तुम्ही डॉक्टरांना सांगाल का?" हं, आत्या म्हणाली. चार सेकंद. बरं.

मंगळवार. "सूज वाढलीय. डॉक्टरांचा अजून काही निरोप नाही." हं. बरं.

बुधवार. "मी वेगळा फोन केला नाही त्यांना. तुम्ही सांगितलंय, उगाच दोघींनी कशाला त्रास द्यायचा. पोटरी दुखते फार." हं. बरं. मग एक दाबा, म्हणजे मला कळेल.

तिन्ही दिवस त्यांनी एक दाबला होता. तीन हिरवे ठिपके. गुरुवारी ठिपका नव्हता. दूर राहणाऱ्या मुलाला निरोप गेल्याची नोंद होती.

कासवाने फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तो शेजारणीने. ती झाडांना पाणी घालायला आली होती.

"त्यांना काल दवाखान्यात नेलं. पायात रक्ताची गाठ झालीय. आता धोका टळलाय म्हणतात, पण दोन दिवस आधी यायला हवं होतं म्हणाले डॉक्टर. तुम्ही कोण?"

"गोळीच्या फोनवाल्या."

"हां, तुम्हीच का. त्या म्हणत होत्या, बाईंनी डॉक्टरांना सांगितलंय, येईलच फोन."

फोन ठेवल्यावर ती उठली नाही. भिंतीवरची सावली वरखाली होत होती. सोळा दिवस ज्या घरात ती बोटांवर चालत होती, त्या घरातल्या एका दाराआडून कोणीतरी हाक मारत होते आणि ती शेजारच्या दारात घड्याळे ऐकत उभी होती. मग ती उठली, पुढच्या खोलीत गेली आणि आत्याला सगळे सांगितले. सांगून झाल्यावर फाइलही ऐकवली, कारण न ऐकवता सांगणे म्हणजे पुन्हा अर्धेच सांगणे झाले असते.

आत्याने स्वतःचा हुंकार तीनदा ऐकला. तिची मान हळूहळू डावीकडून सरळ झाली.

"मी 'बरं' म्हटलं त्यांना," ती म्हणाली.

"तू नाही, आत्या. ती फाइल—"

"'बरं' म्हटल्यावर काम माझं होतं, अगं. तिकडे ट्रेनिंगला पहिल्या दिवशी शिकवायचे. आग लागली, मूल हरवलं, काहीही असो. 'बरं' म्हटलंस की कॉल तुझा. एकतीस वर्षांत माझ्या हातून लाईन तुटली असेल, चुकीच्या घरी जोडली असेल. पण हं म्हणून कान काढून घेतला, असं कधी झालं नाही. ते तू माझ्या आवाजात केलंस."

तिचा सूर चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. मग तिने विचारले, "किती दिवस माहीत होतं?"

"सोळा."

"चपला घाल," आत्या म्हणाली.

दवाखान्याच्या त्या वॉर्डात सहा खाटा होत्या. शिवणकामाच्या बाई खिडकीजवळ होत्या. पाय उशीवर उंच ठेवलेला, चष्मा छातीवर. आत्या जवळ जाऊन म्हणाली, "नमस्कार. कसं वाटतंय?"

बाईंनी चष्मा लावायच्याही आधी ओळखले. चेहरा उजळला. "तुम्ही. अगदी फोनवर आहात तशाच. रजेवर होता का हो? मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल गडबडीत."

आत्याने खाटेचा गज धरला. "रजेवर नव्हते. मी नव्हतेच. आवाज माझा आहे, पण तो एकदाच बोलून ठेवलेला आहे. रोज तोच वाजतो. तुम्ही सांगितलेलं मला आज कळलं."

"तुम्ही हं म्हणायचात की."

"ते हं तुमच्यासाठी नव्हतं. ते कोणासाठीच नव्हतं."

बाईंनी पायाकडे पाहिले.  मग त्यांनी कासवाकडे पाहिले, तिच्या पडलेल्या मानेवरून काय ते ओळखले आणि अगदी साधेपणाने, विद्यार्थिनीला टाका कुठे चुकला ते विचारावे तसे विचारले, "मग मी रोज कोणाशी बोलत होते?"

कासवाने सोळा दिवस ज्या उत्तराकडे पाहिले नव्हते ते तिला आता द्यावे लागले. "कोणाशीच नाही," ती म्हणाली. आणि मग, कारण हेही खरे होते, "कधी कधी मी ऐकायचे. नंतर. बाकीच्यांचं. तुमचं नाही ऐकलं. तुमच्या खोलीत आवाज नव्हता काही."

"माझं मशीन विकलं ना गेल्या वर्षी," बाई म्हणाल्या. "नाहीतर असता."

परत आल्यावर तिने सशाला बोलावले. गुंतवणूकदारांनी दिलेल्या मुदतीतले पाच दिवस उरले होते, आणि ससा तेच बोटांवर मोजत आत आला.

"पाच दिवस, कासवा. फक्त पाच. डॉक्टरांना कळवायची सोय उद्या करू, आजच करू. पण आवाज राहू दे. पाच दिवसांनी तुला हवं ते कर."

"या पाच दिवसांत कोणी काही सांगितलं तर?"

"आपण दोघं ऐकू. पाळीपाळीनं. सगळं."

"आणि सहाव्या दिवशी चार हजार असतील, तेव्हा?"

 ससा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त शर्यतीची सवय होती, आणि शेवटच्या वळणावर झोपायचे नाही एवढा एकच धडा त्याने त्या गोष्टीतून घेतला होता. त्याने पडद्याकडे, हिरव्या ठिपक्यांकडे पाहिले. "नव्वदाचे पन्नास होतील," तो हळूच म्हणाला. "आणि त्या चाळिसांत कोणी गोळी चुकवून आजारी पडलं, तर तेही आपल्यावरच."

हे तो खरे बोलत होता. माणसाला फसवून वाचवावे की खरे सांगून त्याच्यावर सोपवावे, हा प्रश्न कोडने सुटणारा नव्हता. तिला एवढेच दिसत होते की विश्वास टाकून सांगितलेले शब्द पोकळीत पडतात, अशी एक वस्तू तिने जगात सोडली होती, आणि ती जपून, तीनदा तपासून सोडली होती.

त्याच दुपारी आत्या पुन्हा मायक्रोफोनसमोर बसली. या वेळी तिने मान कलवली नाही. "नमस्कार. हा बोलून ठेवलेला आवाज आहे. मला तुमचं ऐकू येत नाही. गोळीची वेळ झाली. घेतली असेल तर एक दाबा. कोणाशी बोलायचं असेल तर दोन दाबा. दुपारी तीन ते पाच या वेळात मी स्वतः फोन करीन." मधे कुठेही थांबली नाही. थांबू नये म्हणून तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, हे कासवाने पाहिले.

मग कासवाने आवाज साठवणारा भाग काढून टाकला आणि जुन्या नोंदी पुसायला घेतल्या. सगळ्या एकदम पुसता आल्या असत्या. तिने एकेक पुसली. नळाची खोली गेली. कुरकुरणारा पंखा गेला. पेला ठेवणारी बाई, बारीक होणारा रेडिओ. घड्याळांपाशी तिचे बोट थोडे रेंगाळले, आणि तीही गेली. बारा घड्याळे आपापल्या चालीने एकाच क्षणी थांबली. चारशे बारा खोल्यांचे ते घर जागेवरच विरून गेले, आणि समोर उरली लॉन्ड्रीची भिंत. शेवटी तिने सर्व्हर उघडला आणि ती ओळ बदलली. या वेळी सर्व्हरवर.

पाचव्या दिवशी ठिपके दहांतले सहा होते. गुंतवणूकदार फोनवर नेहमीइतकेच सौम्य होते. "तुम्ही फार चांगलं काम करताय," ते म्हणाले. "पण ते आता व्यवसायाचं राहिलं नाही." ससा आठवड्यातले तीन दिवस जुन्या कार्यालयात जाऊ लागला. तिथे कोणीतरी त्याला विचारले, शर्यतीचं काय झालं? तो म्हणाला, कासव वाटेत एका घरी थांबलंय, मीही तिथेच थांबलोय. उरलेले तीन दिवस तो ज्यांचे ठिपके विझले त्यांच्या घरी जात होता, यादी हातात घेऊन, पायी.

टेबलाचे एक टोक आत्याला मिळाले. कासवाने तिच्यासाठी साधा पडदा बनवला: दोन दाबणाऱ्याचे नाव, नंबर, बाकी काही नाही. पहिले तीन दिवस तो कोरा राहिला. आत्या पाठ ताठ करून तीन ते पाच बसे आणि पाचला उठे. "कोणी नाही दाबलं तर चांगलंच," ती म्हणे. चेहरा मात्र तसे म्हणत नसे.

चौथ्या दिवशी नाव उजळले. शिवणकामाच्या बाई. त्या घरी आल्या होत्या. आत्याने नंबर फिरवला. तिची मान आपोआप डावीकडे कलली.

"बोला. दोन दाबलंत ना?"

"दाबलं. काही नाही, कोणी आहे का ते बघितलं."

"आहे."

"बरं. मग ठेवू?"

"ठेवताय कुठे? पायाचं सांगा आधी."

पलीकडे काय सांगितले गेले, ते कासवाला ऐकू आले नाही. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. खिडकीबाहेर नळीतून वाफ निघाली, उन्हात पसरली, आणि भिंतीवरची सावली सावकाश वर चढू लागली. आत्या ऐकत होती. मधेच तिने कागद ओढून डॉक्टरांचे नाव लिहून घेतले, त्याखाली रेघ मारली.

"हं," ती म्हणाली. "पुढे?"